नागपुरातली जेट स्की: चालते चौदा तास, उभी राहते वर्षभर

"किती देते भाऊ?"

ट्रेलरवर जेट स्की, म्हणजे पाण्यावर पळणारी स्कूटरच, बांधून ऑटोमोटिव्ह चौकाच्या सिग्नलवर थांबलो की हा प्रश्न येतोच. बाजूचा स्कूटरवाला आधी मान वाकडी करून पाहतो, मग मागे बसलेल्या पोराला दाखवतो आणि सिग्नल सुटायच्या आत विचारूनच घेतो. सुरुवातीला मी इमानदारीत सांगायचो की हिचा हिशोब किलोमीटरवर नसतो, तासावर असतो, सर्व्हिससुद्धा तास मोजून करतात, आणि फुल दाबली तर तासाला वीस लिटर पेट्रोल सहज पिऊन टाकते. आता नुसतं म्हणतो, "काही देत नाही दादा, घेतेच."

तर आम्ही तिघा मित्रांनी मिळून ही मशीन सेकंडहँड घेतली, कोकणातल्या एका बोटिंगवाल्याकडून. तीन सिलिंडर, फोर स्ट्रोक, वजन सव्वातीनशे किलोच्या आसपास. जेट स्की हे खरं तर कावासाकीचं नाव, यामाहाची असली तर वेव्हरनर म्हणायचं, सी-डू अजून वेगळी, पण आपल्याकडे कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणतात तसं हे. आई तर तिला कूलरच म्हणते. का ते पुढे येईल.

मागच्या सीझनचा मीटर पाहिला तर दसऱ्यापासून होळीपर्यंत मिळून १४ तास चालली. वर्षाचे तास होतात ८७६०. म्हणजे ८७४६ तास ही बाई आमच्या शेडमध्ये नुसती उभी. नेटवर जे मेंटेनन्सचे व्हिडिओ असतात ते सगळे रोज समुद्रात जाणाऱ्या लोकांचे, मीठ धुवा, मीठ धुवा. आपला प्रॉब्लेम मीठ नाहीच. आपला प्रॉब्लेम उभं राहणं, ते पण ४५-४६ डिग्रीत, आणि नवतपा संपला की लगेच पंधरा दिवसांनी दमट पावसाळा. आमचं जे काही बिघडलं ते पाण्यात कमी आणि घरी जास्त बिघडलं, आणि त्यातलं अर्धं आमच्याच हाताने.

पहिलंच प्रकरण घ्या, फ्लशिंगचं. जेट स्की तलावातलं पाणी खालून ओढते, पंपातून मागे फेकते म्हणून पुढे पळते, आणि त्याच पाण्यातलं थोडं इंजिन न् सायलेन्सर थंड ठेवायला फिरतं. तलावाच्या पाण्यात गाळ असतो, शेवाळ असतं, आपल्याकडे उन्हाळ्याच्या तोंडाशी पाणी उतरलं की नुसता चहा. तो गाळ नळ्यांमध्ये वाळून बसू नये म्हणून घरी आल्यावर बागेचा पाइप जोडून स्वच्छ पाण्याने आतून धुवायचं. इतकं साधं. यात फक्त एक क्रम आहे, आणि तोच आम्हाला माहीत नव्हता. मी पाइप जोडला, नळ सोडला, आणि मग निवांत चावी शोधायला आत गेलो. चावी सापडली नाही म्हणून चहा घेतला. परत आलो, सेल्फ मारला तर टक्. एकदा टक्, आणि संपलं. मला वाटलं बॅटरी गेली.

मित्र म्हणे अजून एकदा मार. नशीब की मारला नाही.

आमच्या ओळखीचे एक मिस्त्री आहेत, आयुष्य बुलेट आणि जनरेटरवर गेलेलं, त्यांना फोन केला. ते आले, पाच मिनिटं काही बोललेच नाही, पाइपाकडे पाहिलं, नळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "पानी आधी सोडलं काय बे?" मी हो म्हटलं. "मंग ते जाईल कुठी? इंजिन चालू असलं तर एग्झॉस्टच्या हवेनं बाहेर फेकते. बंद असलं तर भरत भरत मागून सिलिंडरमध्येच जाते ना बाबू." मग त्यांनी तिन्ही प्लग खोलले, कॉइलची वायर बाजूला करून स्पार्क बंद केला, सगळ्यांना लांब उभं केलं आणि सेल्फ मारला. प्लगच्या भोकांतून पिचकाऱ्या उडाल्या, रंगपंचमीसारख्या, पार शेडच्या टिनापर्यंत. पाणी काही दाबलं जात नाही, त्यामुळे सिलिंडरमध्ये पाणी असताना जबरदस्ती सेल्फ मारत राहिलं तर कनेक्टिंग रॉडच वाकतो, आणि मग खर्चाचा आकडा घरी सांगता येत नाही. आमचं ऑइल मात्र दुधाळ झालं होतं, कॉफीसारखं. ते काढलं, नवीन टाकलं, थोडं चालवलं, परत काढलं, परत नवीन. दोन वेळचं ऑइल वाया, पण इंजिन वाचलं.

आता आमच्या शेडच्या भिंतीवर खडूने मोठ्या अक्षरात लिहिलंय: आधी इंजिन, मग पाणी. बंद करताना आधी पाणी, मग इंजिन. पाइप जोडायचा पण नळ बंद ठेवायचा, इंजिन चालू करायचं आणि लगेच नळ सोडायचा. आयडलवर तीनेक मिनिटं, बाजूच्या बारीक भोकातून पाण्याची धार सतत पडतेय का ते पाहायचं. मग नळ बंद, आणि दहा-पंधरा सेकंद हलकं हलकं रेस करून आत उरलेलं पाणी फेकून द्यायचं, मग इंजिन बंद. त्या दहा-पंधरा सेकंदांच्या वर कोरडी चालवायची नाही. सी-डूमध्ये गाडीसारखा बंद कूलंट असतो म्हणून काही लोक म्हणतात आमचीला पाणी लागत नाही, पण तिचाही एग्झॉस्ट बाहेरच्या पाण्यानेच थंड होतो आणि पंप फिरवणाऱ्या शाफ्टवरचं, पाणी आत येऊ न देणारं कार्बन सील कोरडं घासून जळतं. पाव्हण्यांना आवाज ऐकवायला म्हणून अंगणात रेस करणं बंद करा, मी पण करायचो.

आणि बोअरचं पाणी वापरू नका. आमच्या एरियातलं बोअर इतकं जड आहे की कूलरच्या जाळीवर दोन महिन्यांत पांढरा थर चढतो, तोच थर इंजिनच्या आत चढवून काय मिळवायचं. नळाचं पाणी पेंच-कन्हानचं, ते चालतं. फक्त नळाच्या टाइमला जागं राहावं लागतं. आईने मला भल्या पहाटे पाइप धरून उभं पाहिलं आणि विचारलं, पाणी भरून राहिला काय कूलरमध्ये, जानेवारीत? तेव्हापासून ते नाव.

दुसरं प्रकरण दसऱ्याचं. खंडेनवमीला गाड्यांची, पाना-पेचकसांची पूजा होते तशी हिचीही केली, हळदकुंकू, नारळ, झेंडूचा हार, सगळं. दुसऱ्या दिवशी सीझनची पहिली राइड. (परवानगी काढून शहराबाहेरच्या एका तलावावर जातो आम्ही. अंबाझरी, फुटाळा अशा गावातल्या तलावात मशीन सोडायचा विचारही करू नका, आणि रामटेकच्या खिंडसीला जे वॉटर स्पोर्ट्स आहेत ते तिथल्या चालवणाऱ्यांचे, आपली घेऊन थेट उतरायचं नसतं.) तर काठावर पोहोचल्यावर आमच्यातला एक जण भक्तिभावाने म्हणाला, हार पाण्यात सोडू. सोडला. मग त्याचीच स्वारी मशीनवर गोल फेरी मारून बरोबर त्याच जागेवर परत आली.

आधी खालून घरघर आली, मग हँडलला थरथर, मग मीटरवर आरपीएम चढतोय पण मशीन जागची हलत नाही. क्लच स्लिप झालेली जुनी स्कूटर चढावर कशी नुसती ओरडते, तसं. झेंडूच्या फुलांचं काही नाही हो, फुलं चिरडून मागून पिवळा रस्सा होऊन निघाली. पण हार ओवला होता नायलॉनच्या सुतळीत. ती खालच्या जाळीतून आत गेली आणि इम्पेलरच्या, म्हणजे पाणी मागे फेकणाऱ्या पंपातल्या पंख्याच्या, पुढच्या शाफ्टवर अशी आवळून गुंडाळली की भोवऱ्याची जाळी परवडली. मित्राला दोरीने ओढत काठावर आणलं, ट्रेलरवर चढवलं, खाली चटई टाकून मी झोपलो आणि जाळीतून ब्लेडने, जुन्या विणायच्या हूकने एक एक वेढा कापत बसलो. दोन तास. हात पिवळे. डबा आणला होता, तर्रीचे पोहे, ते माझ्यासमोर दोघांनी संपवले.

त्या खाली हात घालायच्या कामाचं एकच सांगतो: मनगटाची दोरी, म्हणजे जिच्याशिवाय इंजिन चालूच होत नाही ती सेफ्टी कॉर्ड, आधी काढून स्वतःच्या खिशात. इंजिन बंद आहे एवढ्यावर भागत नाही, वर बसलेल्या भाच्याचं बोट बटणावर जातं. आणि पाण्यातच आडवी-उलटी करायची असेल तर कुठल्या बाजूने फिरवायची त्याचं स्टिकर मागच्या बाजूला असतं, त्याच्या उलट फिरवली की परत तेच सिलिंडरमध्ये पाणी.

सुतळी निघाली तरी जोर पूर्ण परत आला नाही, कारण त्याच सीझनला आम्ही उथळ पाण्यात स्टार्ट करून खडे पण ओढले होते. इम्पेलरच्या भोवती एक रिंग असते, वेअर रिंग म्हणतात, इम्पेलरची पाती आणि रिंग यात अगदी बारीक फट असते. खड्याने तिथे चरे पडले की फट वाढते, पाणी मागे दाबून जायच्या ऐवजी कडेने सटकतं. रिंग मुद्दामच बदलता येईल अशी ठेवलेली असते, तीच झिजावी म्हणून. बदलली. आता कमरेइतकं पाणी आल्याशिवाय सेल्फ नाही, तोवर ढकलत न्यायची. मॅन्युअलमध्ये मशीनप्रमाणे ६० ते ९० सेंटिमीटर लिहिलेलं असतं, पण तलावात टेप घेऊन कोण उतरतं, कंबर चालते.

पेट्रोलबद्दल मला जास्त बोलायचंय कारण याबद्दल कोणी बोलत नाही. बहुतेक जेट स्कीच्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट असतं की पेट्रोलमध्ये इथेनॉल १० टक्क्यांपर्यंत चालेल. आपल्या पंपावर आता २० टक्केवालं मिळतं. रोज चालणाऱ्या बाइकमध्ये टाकी आठवड्यात संपते, इथे तीच टाकी दिवाळीची होळीपर्यंत. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, ओलावा जास्त झाला की पाणी-इथेनॉल वेगळं होऊन तळाला बसतं, आणि पंप पेट्रोल तळातूनच ओढतो. आमची एकदा पाण्यावर गेल्यावर आचके देत बंद पडली होती ती याच्यामुळे, असं मिस्त्री म्हणाले आणि टाकी खाली केल्यावर बाटलीत दोन थर मलाही दिसले. स्टॅबिलायझर म्हणून औषध मिळतं, टाकी भरून ते टाका असा सल्ला असतो, तो चुकीचा नाही. पण मी ते सोडलं. मी जेवढं त्या दिवसाला लागेल तेवढंच नेतो आणि संध्याकाळी उरलेलं हातपंपाने काढून बाइकमध्ये ओततो. सीझन संपला की टाकी पूर्ण खाली. बाइकला तक्रार नाही.

पेट्रोल भरल्यावर मात्र सीट काढून पाच मिनिटं उघडी ठेवायची, नाकाने वास घ्यायचा, मगच सेल्फ. ही मशीन म्हणजे बंद डबा आहे, पेट्रोलची वाफ जड असते, तळाशी बसते, आणि सेल्फची एक ठिणगी पुरते. यात घाई करणाऱ्या माणसाला मी माझ्या मशीनवर बसूच देत नाही, मग तो सख्खा मेहुणा का असेना.

ऑइलचं फार नाही. ते नवीन मशीनला पहिल्या १० तासांनी, नंतर १०० तास किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते, निदान आमच्या मॅन्युअलमध्ये असं आहे. आपले १०० तास व्हायला सात वर्षं लागतील, म्हणून वर्षाचा हिशोब धरायचा. बाइकसारखा खालून नट खोलून काढता येत नाही कारण खाली बोटीचा तळ आहे. डिपस्टिकच्या नळीतून बारीक पाइप घालून हातपंपाने ओढायचं, त्याआधी पाइप लावून दोन मिनिटं इंजिन कोमट करायचं म्हणजे पातळ होऊन सगळं येतं. ग्रेड १०डब्ल्यू-४०, आणि जास्त भरायचं नाही, जास्तीचं ऑइल हवेच्या डब्यात जाऊन धूर करतं. ट्रेलर सपाट जागेवर नसेल तर डिपस्टिक खोटं बोलते, हेही आम्ही शिकलो, अर्थात एक लिटर जास्त भरून झाल्यावर.

बॅटरी उन्हाळ्यात मशीनमध्ये ठेवूच नका. होळी झाली की काढायची, आधी मायनस मग प्लस, आणि घरात आणायची. मी ती देवघराच्या खाली ठेवतो, तिथे गार असतं, आईचा विरोध आहे. महिन्यातून एकदा मीटर लावून पाहायचं, १२.६ व्होल्टच्या वर असेल तर भरलेली, १२.४ च्या खाली आली की बारीक चार्जरवर लावून द्यायची. पहिल्या वर्षी आम्ही ती शेडमध्येच ठेवली, टिनाखाली. दसऱ्याला फुगलेली निघाली. ट्रकच्या बॅटरीचा मोठा चार्जर लावून ती जिवंत करायचा प्रयत्न आम्ही केला, तुम्ही करू नका.

झाकायला निळी ताडपत्री वापरायचो, तेही चुकलं. पावसाळ्यात खाली घाम सुटतो, नटांना गंज, सीटवर बुरशी. आता जुनी सुती चादर, वरून शेड आहेच. मागचे दोन्ही ड्रेन प्लग, म्हणजे आतलं पाणी काढायच्या भोकांची बुचं, काढून ठेवायचे, सीट थोडी वर टेकवून हवा खेळती ठेवायची. पण सीट उघडी म्हटलं की उंदीर. आमच्याकडे एका पावसाळ्यात सेन्सरची वायर कुरतडली होती. मी इंजिनजवळ डांबराच्या गोळ्यांच्या पुरचुंड्या बांधतो आणि सायलेन्सरच्या तोंडात फडकं कोंबतो, फडक्याला लाल रिबिन, काढायचं विसरू नये म्हणून. ड्रेन प्लग चावीच्या जुडग्यातच अडकवतो. कारण प्लग न लावता पाण्यात सोडलेल्या मशीनचा मागचा भाग कसा हळूहळू, अगदी शांतपणे खाली बसत जातो ते मी पाहिलंय. कोणाची ते सांगत नाही.

ट्रेलर लोक विसरतातच. पन्नास किलोमीटर पळवून चाकाची बेरिंग तापलेली असते आणि आपण पोहोचल्या पोहोचल्या ट्रेलर मागे घेत पाण्यात घालतो, गरम बेरिंग गार पाण्यात गेली की आतली हवा आकसते आणि पाणी आत ओढलं जातं. परतीच्या रस्त्यावर किर्रर्र. आम्ही काठावर आधी चहा पितो, पट्टे सोडतो, फोटो काढतो, तोवर हब हाताला गार लागतो. सीझनला एकदा ग्रीस. बस.

आणि या वर्षीचं ताजं. ऑक्टोबरमध्ये शेड उघडली, चादर काढली, बॅटरी बसवली, रिबिन पाहून फडकं काढलं, पाइप जोडला, इंजिन चालू, नळ सोडला, सगळं भिंतीवरच्या खडूप्रमाणे. आवाज एकदम गोड. पण बाजूच्या भोकातून धार नाही. त्या धारेवरूनच कळतं की पाणी आत फिरतंय, ती नाही म्हणजे लगेच बंद. आधी पाणी, मग इंजिन. मी म्हटलं गेलं, आत कुठेतरी गाळ जाम झाला, आता खोलाखोली, दिवाळी गेली. मिस्त्रींना फोन लावणार तेवढ्यात आई वाळवण उचलायला शेडच्या बाजूने चालली होती, ती थांबली, वाकली, चष्मा वर केला.

"अरे हे कुंभारणीचं घर आहे."

खरंच. कुंभारीण माशीने पावसाळ्यात त्या भोकाच्या तोंडावर मातीचं मडकं बांधलं होतं. बोटाच्या पेराएवढं, गुळगुळीत, तोंड लिंपून बंद केलेलं, आणि रंग मशीनच्या खालच्या राखाडीसारखाच, म्हणून मला तीनदा पाहून दिसलं नाही. आईने खराट्याची काडी तोडून आणली आणि हळूहळू टोकरलं. माती पडली, आतून वाळलेल्या दोन अळ्या पडल्या, मग अजून थोडी माती. परत इंजिन, परत नळ. दोन सेकंद काही नाही, मग आधी गढूळ थेंब, आणि मग ती बारीक धार, अंगणातल्या तुळशीच्या कट्ट्यापर्यंत.

आई म्हणाली, "झाला तुझा कूलर चालू," आणि वाळवण घेऊन आत गेली.